तोतलाडोहाच्या वरचा मासा, खालचा मासा: तुटलेल्या नद्या आणि माशांचं जनुकीय वैविध्य

कन्हानकाठ

दर पावसाळ्यात नागपूरच्या पेपरांत एक बातमी ठरलेली असते. अमुक जलाशयात इतके लाख मत्स्यबीज सोडलं, सोबत पाण्यात बोटुकली ओततानाचा फोटो. वाचणाऱ्याचा समज होतो की नदीतला मासा कमी झाला होता, तो आता भरून निघाला. मला या समजावरच बोलायचं आहे. पाण्यात मासे किती, हा एक प्रश्न. ते कोणत्या वंशाचे, एकमेकांच्या किती जवळच्या नात्यातले, वरच्या पाण्यातल्या माशाची खालच्या पाण्यातल्या माशाशी कधी गाठ पडते का, हा दुसरा. पहिल्याचे आकडे दरवर्षी छापून येतात. दुसऱ्याकडे कुणी फारसं बघत नाही, आणि माझ्या मते नदीचं पुढचं आयुष्य दुसऱ्यावरच जास्त अवलंबून आहे.

आधी नकाशा डोळ्यांपुढे आणा. पेंच कामठीच्या अलीकडे कन्हानला मिळते. नाग आणि पिवळी शहराचं पाणी घेऊन कन्हानलाच जातात. कन्हान वैनगंगेला, वैनगंगा वर्धेला भेटून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीला मिळते आणि गोदावरी राजमहेंद्रीच्या खाली समुद्राला. माशाच्या लेखी ही सगळी एकच नदी होती. आता समुद्राकडून उलट वर या. धवलेश्वरमचा बंधारा १८५२ मध्ये आर्थर कॉटनच्या देखरेखीखाली पूर्ण झाला. त्याच्या वर पोलावरम. प्राणहितेच्या संगमाखाली मेडीगड्डा, २०१९ चं. गडचिरोलीत वैनगंगेवर चिचडोह. मग पवनीजवळ गोसीखुर्द, ज्याचं भूमिपूजन १९८८ मध्ये झालं. कन्हानमधून पेंचमध्ये शिरलं की नवेगाव खैरी, त्यावर १९८९ मध्ये पूर्ण झालेलं तोतलाडोह, आणि त्याच्याही वर छिंदवाडा जिल्ह्यात माचागोरा, ज्याला आपण चौराई धरण म्हणतो. ह्या झाल्या मोठ्या भिंती. ओढ्यानाल्यांवरचे कोल्हापुरी बंधारे यात धरलेच नाहीत.

पुरात सांडव्यावरून मासा खाली येऊ शकतो. जखमी होतो, काही मरतात, पण काही जगतात. खालून वर मात्र एकही जात नाही. म्हणजे माचागोरा आणि तोतलाडोह यांच्या मधल्या तुकड्यातला मासा खालच्यांना काहीतरी देतो आणि खालून त्याला परत काही मिळत नाही. जगभरच्या नद्यांत असं वारंवार आढळलं आहे की एकाच जातीचं जनुकीय वैविध्य उगमाकडे कमी आणि खाली जास्त असतं. धरणाने हा मूळचा उतार आणखी तीव्र होतो.

वैविध्य म्हणजे काय, ते थोडक्यात. एकाच जातीच्या दोन माशांचा डीएनए तंतोतंत सारखा नसतो. एकात कमी प्राणवायूच्या पाण्यात तग धरायला मदत करणारी जनुकाची आवृत्ती असेल, दुसऱ्यात एखाद्या रोगाला दाद न देणारी. हा साठा एका माशात मावत नाही, तो सगळ्या समूहात वाटलेला असतो. समूह लहान असला की दर पिढीला काही आवृत्त्या निव्वळ योगायोगाने गळतात. ज्या दोन-चार माद्यांकडे त्या होत्या त्यांची अंडी नेमकी त्या वर्षी उघडी पडून सुकली, की संपलं. याला जनुकीय विचलन म्हणतात. शिवाय रस्ता बंद झालेल्या गावात सोयरीक गावातल्या गावातच होऊ लागावी, तसं तुटलेल्या तुकड्यात मासेही काही पिढ्यांनी आपल्याच रक्तातल्या माशांशी जुळतात. याचा हिशेब मांडता येतो. प्रजननात खरोखर वाटा असलेल्या माशांची परिणामकारक संख्या ५० असेल, तर दर पिढीला साधारण १ टक्का वैविध्य जातं. साधारण वर्षभरात पिढी बदलणाऱ्या छोट्या माशाच्या ३० पिढ्या धरा. तोतलाडोहाचं वय त्याहून कमी नाही. ५० च्या समूहात मूळच्या ७४ टक्केच उरतं. संख्या ५०० असती तर ९७ टक्के उरलं असतं. भिंत तीच, वर्षंही तेवढीच. फरक फक्त भिंतीमागे केवढा समूह अडकला त्याचा.

जपानमध्ये होक्काइडो बेटावर पांढऱ्या ठिपक्यांच्या ‘चार’ नावाच्या माशावर काम झालं आहे. तिथे डोंगरातून गाळ येऊ नये म्हणून ओढ्यांवर छोटे छोटे बांध घालतात. मोरिता आणि यामामोतो यांनी २००२ मध्ये दाखवलं की बांधाच्या वरचं पाणलोट जेवढं लहान आणि बांध जेवढा जुना, तेवढी तिथून हा मासा नाहीसा झालेला असण्याची शक्यता जास्त. जिथे तो टिकला होता तिथेही बांधाच्या वरच्या माशांत वैविध्य खालच्यांपेक्षा कमी निघालं. त्या ओढ्यांत विष नव्हतं, बेसुमार मासेमारी नव्हती. नुसता रस्ता बंद झाला होता.

पेंच-कन्हानच्या माशांचा कुणाचा काही अनुभव असेल, वरच्या आणि खालच्या माशांत कुणाला फरक जाणवला असेल, तर लिहा.

सांडवा

चांगला विषय काढला. मी पाटबंधाऱ्याच्या कामात आयुष्य घालवलं आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. नागपूरचं पिण्याचं पाणी पेंचमधून येतं. नवेगाव खैरी नसतं तर हे शहर मे महिन्यात काय प्यालं असतं? आणि जलाशय झाल्यावर मासा वाढला, घटला नाही. पूर्वी उन्हाळ्यात पेंचमध्ये डोहांपुरतं पाणी उरायचं, आज मैलोन्‌मैल खोल पाणी आहे. त्यात लाखो मासे असतील. तुमच्याच हिशेबाने एवढ्या मोठ्या समूहात काही गळायला नको. मग चिंता कसली?

कन्हानकाठ

सांडवाकाका, धरण नको असं मी म्हणत नाही. पाणी मीही तेच पितो.

लाखो माशांबद्दल दोन गोष्टी. एक, डोळ्यांना दिसणारी संख्या आणि परिणामकारक संख्या यांत माशांच्या बाबतीत फार मोठं अंतर पडतं. वाघीण एका वेळी तीन-चार बछडे देते. रोहूची मादी दर किलो वजनामागे दोन-तीन लाख अंडी देते. एखाद्या वर्षी मूठभर माद्यांची अंडी नेमक्या योग्य पुरात, योग्य जागी पडतात आणि त्या वर्षीची जवळजवळ सगळी पिल्लं त्यांचीच असतात. बाकीच्या हजारो माद्यांचा वाटा शून्य. म्हणून लाख मासे असलेल्या पाण्यातही परिणामकारक संख्या काही शेकड्यांत असू शकते.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. जलाशयात कोणता मासा वाढला? संथ खोल पाण्यात रमणारा. दगडाला चिकटून वाहत्या पाण्यात शेवाळ खरवडणारा मल्ल्या, किंवा खडकाळ उथळ धारेत राहणारे छोटे मुरे घ्या. त्यांना भिंत अडवतेच, पण भिंतीमागचं साचलेलं पाणीही अडवतं. जलाशयाला मिळणारे दोन ओढे पूर्वी एकाच वाहत्या नदीने जोडलेले होते. आता त्यांच्या मध्ये खोल गाळाचं पाणी आहे. एका ओढ्यातला मल्ल्या दुसऱ्या ओढ्यात पोहोचत नाही. म्हणजे एकाच धरणाने त्याचे दोन नव्हे, पाच-सहा तुकडे केले, आणि प्रत्येक तुकडा हिशेबातल्या ५० च्या गटात जाऊन बसण्याएवढा लहान. बाजारात याला भाव नाही, म्हणून त्याची मोजणीही होत नाही.

सांडवा

हे पटलं. साचलेलं पाणी हाही अडथळा, असा विचार मी केला नव्हता. आम्ही नेहमी भिंतीची उंचीच बघत आलो. तोतलाडोहाला माशांची शिडी बांधा असं कुणी म्हणालं तर सांगतो, भिंत सत्तर मीटरांहून उंच आहे. परदेशात शिड्या बांधल्या त्या जोरात उड्या मारणाऱ्या सालमन माशासाठी. आपले बहुतेक मासे तसे उडी मारणारे नाहीत. बंधारा दोन-चार मीटरांचा असेल तिथे मात्र करण्यासारखं बरंच आहे. त्यावर सविस्तर लिहितो, जुने कागद बघून.

पवनीवाला

मी पवनीचा. आमचं घर धिवरांचं. नकाशा वाचला, खरं आहे जी. गोसीचं गेट बंद झालं तेव्हापासून नदीचा मासा आणि धरणाचा मासा हे दोन वेगळे झाले. धरणात आता रोहू, कतला, मृगळ. लोक त्याला नदीचा मासा म्हणून घेतात. पण तो नदीचा कुठं आहे? तो तर पिशवीतून आला. आमच्या बापाच्या जाळ्यात वाम, मरळ, शिंगाळा, शिवडा असे दहा तऱ्हेचे मासे एका खेपेत यायचे. आणि झिंगा. वैनगंगेचा मोठा झिंगा नागपूरच्या बाजारात नाव सांगून विकला जायचा. आता तो जाळ्यात येत नाही.

एक विचारतो. आमच्या भागात मालगुजारी तलाव आहेत, बोड्या आहेत. मिरग लागला, पहिला मोठा पाऊस पडला की एका तलावाचं पाणी सांडव्यावरून दुसऱ्यात, तिथून नाल्यात, नाल्यातून नदीत. त्या पाण्यावर मासा रात्रीतून वर चढतो. बांधीत धानाच्या पाण्यातसुद्धा शिरतो. लहानपणी आम्ही कंदील घेऊन बघायला जायचो. तुम्ही म्हणता तो वरचा-खालचा संबंध, तो या चढण्यातून होत असेल ना?

कन्हानकाठ

पवनीवाले दादा, अगदी त्यातूनच. तुम्ही जे कंदिलाने बघितलं त्यालाच शास्त्रज्ञ जनुकीय प्रवाह म्हणतात. सेवॉल राइट या जनुकशास्त्रज्ञाच्या गणितातून आलेला एक ठोकताळा आहे: दोन समूहांत दर पिढीला एखाद-दुसरा मासा जरी इकडून तिकडे गेला आणि तिथे त्याची पिल्लं झाली, तरी दोन्ही समूह एकमेकांपासून फार दुरावत नाहीत. प्रत्यक्षात थोडे जास्त लागतात, पण आकडा लहानच आहे. म्हणून कोहळी लोकांनी बांधलेली ती तलावांची साखळी मला नुसत्या सिंचनाची वाटत नाही. हजारो लहान पाणसाठे, प्रत्येकात मरळ, शिंगी, वागूर यांचा आपापला छोटा समूह, आणि वर्षातून एकदा पावसाळ्यात सगळे जोडलेले. प्रत्येक तलाव एकटा असता तर ते समूह कधीच क्षीण झाले असते. नाला बुजवून रस्ता केला, सांडव्याच्या खाली सिमेंटची उंच पायरी बांधली, की साखळीतली एक कडी तुटते. तलाव तसाच भरलेला दिसतो.

झिंग्याचं वेगळं आहे. गोदावरीतल्या मोठ्या झिंग्याची पिल्लं सुरुवातीला निमखाऱ्या पाण्यातच वाढतात. मग कोवळी पिल्लं नदीने वर चढतात. समुद्रापासून पवनीपर्यंत आता किती भिंती आहेत ते वर लिहिलंच. अहीर, म्हणजे ईल माशाचंही तसंच, फक्त तो अंडी घालायला समुद्रात जातो. युरोपातल्या त्याच्या भावंडांवर झालेल्या अभ्यासात दिसलं की सगळ्या नद्यांतले ईल समुद्रात एकत्र येऊन प्रजनन करतात, त्यामुळे नदीनदीत वेगळे वंश तयार होत नाहीत. अशा जातीत धरणामुळे वैविध्य हळूहळू झिजत नाही. वरच्या भागातून ती जातच एकदम नाहीशी होते.

तेलंखेडी

नमस्कार. मी मत्स्यविज्ञान शिकते, इथेच नागपुरात. पवनीवाले दादांनी पिशवीतल्या माशाचा विषय काढला, त्यावर लिहायलाच हवं.

रोहू, कतला, मृगळ हे मूळचे गंगेसारख्या उत्तरेतल्या नद्यांमधले. गोदावरीत ते माणसाने आणले. पूर्वी त्यांचं बीज नदीतूनच गोळा करावं लागे, कारण तळ्यात हे मासे अंडी घालत नसत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात हिरालाल चौधुरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून त्यांना तळ्यात अंडी घालायला लावलं. म्हणून तो दिवस आपल्याकडे मत्स्य शेतकरी दिन असतो. देशातला मत्स्यव्यवसाय त्या शोधावर उभा आहे आणि त्याबद्दल मला अतिशय आदर आहे. पण बीज हॅचरीतून, म्हणजे मत्स्यबीज तयार करणाऱ्या केंद्रातून येऊ लागलं, तिथूनच वंशाचा प्रश्न सुरू झाला.

हॅचरीवाल्याला लाखो जिरे (अंड्यातून नुकती निघालेली पिल्लं) काढायला मोजक्या माद्या पुरतात. नर तर त्याहून कमी ठेवले तरी काम चालतं. समजा ४५ माद्या आणि ५ नर वापरले. मासे ५० झाले, पण परिणामकारक संख्या निघते १८, कारण सगळ्या पिल्लांचे बाप त्या पाचांपैकीच. पुढच्या वर्षी त्याच पिल्लांतून मोठे झालेले मासे पुन्हा जनक म्हणून ठेवले, की सख्ख्या-सावत्र भावंडांतच प्रजनन. १९९० मध्ये एकनाथ आणि डॉयल यांनी कर्नाटकातल्या हॅचऱ्यांचा असा हिशेब मांडला होता, आणि निकट प्रजननाचा दर चिंता वाटावी एवढा होता. भर म्हणून एकाच टाकीत रोहू आणि कतला एकत्र सोडले की संकर होतात. तेही बोटुकली म्हणून विकले जातात.

आता उलट उदाहरण. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्याच्या संस्थेने नॉर्वेच्या मदतीने रोहूचा सुधारित वाण केला, १९९७ मध्ये तो ‘जयंती’ नावाने दिला. त्यासाठी त्यांनी मासे कुठून आणले? गंगा, यमुना, ब्रह्मपुत्रा, सतलज आणि गोमती या पाच नद्यांतून, आणि एक साठा हॅचरीचा. वेगवेगळ्या नद्यांतलं वेगळेपण एकत्र करून, निवड करत करत वाढीचा वेग वाढवला. नद्यांमध्ये ते वेगळेपण शिल्लक होतं म्हणून हे जमलं. ज्यांना फक्त उत्पादनाची काळजी आहे, त्यांनीही नदीतला जंगली मासा जपावा, त्याचं याहून चांगलं कारण मला माहीत नाही.

रानवाटा

फार माहितीचा धागा. एक साधी शंका. वैविध्य १०० वरून ७४ वर आलं तर माशाला रोजच्या जगण्यात काय फरक पडतो? पाण्यात तर तो तसाच पोहतोय.

तेलंखेडी

साध्या वर्षी बहुतेकदा काहीच दिसत नाही. फरक दिसतो तो वाईट वर्षी. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, डोह आटतात, उरलेल्या पाण्यात प्राणवायू कमी होतो, गर्दीने रोग पसरतो. वैविध्य असलेल्या समूहात काही मासे तगतात आणि पावसाळ्यात पुन्हा समूह उभा करतात. सगळे सारखेच असतील तर सगळेच एकदम जातात. निकट प्रजननाचे परिणाम वेगळे: अंडी कमी फलित होतात, पिल्लं कमी जगतात, वाढ खुंटते.

याचा उलटा पुरावाही आहे. ऑस्ट्रेलियात मॅक्वारी पर्च नावाचा मासा धरणांनी तुकड्या-तुकड्यांत अडकला आहे. ओव्हन्स नदीत तो पुन्हा वसवताना दोन वेगळ्या ठिकाणचे मासे एकत्र सोडले. त्यांच्या मिश्र संततीने चांगला तग धरला.

रानवाटा

मग सोपं आहे की! पेंचच्या वरच्या तुकड्यात वैविध्य कमी झालं असेल तर दुसऱ्या नदीतून त्याच जातीचे मासे आणून टाका.

कन्हानकाठ

इथेच सगळ्यात जास्त जपायला हवं, म्हणून थोडं लांब लिहितो.

कावेरीत कुबड्या महाशीर होता, जगातल्या मोठ्या महाशीरांपैकी एक, फक्त त्याच खोऱ्यातला. १९७० च्या दशकापासून महाशीर वाचवण्याच्या हेतूने लोणावळ्याच्या हॅचरीतला निळ्या पंखांचा महाशीर देशभरच्या नद्यांत सोडला गेला, कावेरीतही. हा निळ्या पंखांचा मासा आपल्या महाराष्ट्रातला, साइक्सने १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतून त्याची नोंद केली होती. हेतू चांगला होता, मासाही अस्सल होता, पण तो त्या नदीचा नव्हता. तो कावेरीत फोफावला आणि कुबड्या मागे पडत गेला. कुबड्याची शास्त्रीय ओळख पक्की व्हायला २०१८ साल उजाडलं, आणि तोवर त्याची गणना अतिसंकटग्रस्त जातींत करावी लागली. म्हणजे ज्याला वाचवायचं तो कोण, हे नीट कळायच्या आधीच त्याच्या घरात दुसरा आणून सोडला होता.

म्हणून आधी तपासणी, मग स्थलांतर. पेंचमधलाच खालचा मासा पेंचमध्येच वर नेणं वेगळं. ती तुटलेली वाट हाताने जोडणं आहे. गंगेच्या किंवा कृष्णेच्या खोऱ्यातला आणून टाकणं वेगळं. हजारो वर्षं वेगळ्या पाण्यात घडलेले दोन वंश मिसळले की कधी कधी संकरित पिल्लं दोन्हीकडच्या पाण्याला अपुरी पडतात. वागुराचं उदाहरण तर घराजवळचं आहे. आफ्रिकेचा मांगूर, ज्याला बाजारात थाई मांगूर म्हणतात, त्यावर देशात बंदी आहे, तरी तो विकला जातो. हॅचरीत देशी वागुराशी त्याचा संकर होतो. असा संकर पुरात तलावातून सुटला तर पवनीवाल्या दादांच्या त्याच चढणीच्या वाटेने वर जाईल.

आणि वैनगंगा-नळगंगा. गोसीखुर्दचं पाणी सुमारे ४२६ किलोमीटर कालव्याने बुलढाण्यात न्यायची योजना आहे. राज्य सरकारने तिला २०२४ मध्ये मंजुरी दिली. पश्चिम विदर्भातल्या शेतकऱ्याला पाण्याची किती गरज आहे ते इथे कुणाला सांगायला नको. पण नळगंगा पूर्णेला मिळते आणि पूर्णा तापीला. वैनगंगा गोदावरीची. गोदावरीचे मासे आणि तापीचे मासे वेगवेगळ्या खोऱ्यांत घडले आहेत. एका बाजूला आपण एकच नदी दहा ठिकाणी तोडतो, दुसऱ्या बाजूला दोन वेगळ्या नद्या कालव्याने जोडतो. कालवा सुरू होण्याआधी दोन्ही खोऱ्यांतल्या माशांचे डीएनए नमुने घेऊन ठेवायला हवेत. एकदा मिसळले की मूळ काय होतं ते कुणालाच सांगता येणार नाही. हे काम फार खर्चाचं नाही, योजनेच्या खर्चात तर ते दिसणारही नाही. त्याची मागणी आपण सगळ्यांनी करायला हवी.

नागतीर

शहरातल्या नदीचा उल्लेख फक्त नकाशात आला म्हणून लिहितो. अंबाझरी आणि गोरेवाड्याच्या तलावांत मासे आहेत, कन्हानमध्येही आहेत. मध्ये शहराच्या पोटातून जाणारी नाग आणि पिवळी. तिथे भिंत नाही, पण सांडपाण्यामुळे पाण्यात प्राणवायूच नसतो. त्या पट्ट्यातून मासा वर कसा येणार? अंबाझरी ओसंडून वाहिला, २०२३ च्या सप्टेंबरसारखा, तर वरचे खाली फेकले जातील. उलट काही नाही. मला तर हेही एक धरणच वाटतं.

कन्हानकाठ

नागतीर, शंभर टक्के. प्रदूषित पट्टा हा अडथळा म्हणून भिंतीइतकाच धरला जातो. फरक एवढाच की तो सांडपाणी शुद्ध केलं की उठतो, आणि तोतलाडोहासारखी पिण्याच्या पाण्याची अडचण त्यात येत नाही.

सांडवा

कागद बघितले, आता लिहितो.

कोल्हापुरी बंधाऱ्याचं काम असं: खांबांच्या खाचांत बरगे, म्हणजे काढता-घालता येणाऱ्या फळ्या घालून पाणी अडवायचं. पावसाळा सरताना, ऑक्टोबरच्या सुमारास बरगे घालतात, आणि पावसाळ्याआधी काढतात. काढले की पुराचं पाणी खांबांमधून सरळ जातं, गाळही जातो. नियमाप्रमाणे चाललं तर मासे चढण्याच्या नेमक्या दिवसांत बंधारा उघडा असतो. अडचण अशी की बऱ्याच ठिकाणी बरगे वेळेवर निघत नाहीत. गंजून अडकतात, माणसं नसतात, कधी पहिला पूर आधीच येतो. मग मिरगाच्या पाण्यावर चढणारा मासा बरग्यांशी येऊन थांबतो आणि खालच्या डोहात जाळ्यात सापडतो.

म्हणून पहिलं काम, मेअखेर बरगे काढणं. यात एक रुपयाचंही नवीन बांधकाम नाही. दुसरं, बंधाऱ्याच्या खालच्या बाजूला पाणी पडून पडून खड्डा होतो आणि उंबरठा उंच राहतो, एखाद-दीड मीटर. तिथे दगडांची लांब, कमी उताराची उतरंड रचली, मध्ये विसाव्याला छोटे डोह ठेवले, तर उडी न मारणारा मासाही चढेल. अशा दगडी उतरंडी बाहेरच्या देशांत सिमेंटच्या शिडीऐवजी वापरतात. डागडुजीला दगड लागतोच. तो कसा रचायचा एवढंच बदलायचं आहे. ग्रामपंचायतीने ठरवलं तर होण्यासारखं आहे. मोठ्या धरणांवर यातलं काही चालणार नाही, तिथे मासे पकडून वर नेऊन सोडणं हाच मार्ग राहतो.

पवनीवाला

सांडवा साहेब, बरग्याचं बरोबर बोलले. आमच्या नाल्यावर असंच होते. यंदा सोसायटीत विषय काढतो. खालच्या डोहात त्या दिवसांत जाळं टाकायचं नाही, असंही ठरवायला पायजे. जुने लोक अंडी भरलेली मासोळी सोडून द्यायचे.

रानवाटा

आता धीर सुटतो आहे. एवढ्या वर्षांत वरच्या तुकड्यांत काही उरलं तरी असेल का?

तेलंखेडी

उरलेलं असू शकतं, आणि याबद्दल एक उदाहरण मला फार आवडतं. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात एल्वा नदीवर दोन धरणं होती, १९१३ आणि १९२७ ची. खालून समुद्रातला स्टीलहेड वर येणं बंद झालं. भिंतीमागे त्याच जातीचे, समुद्रात न जाणारे रेनबो ट्राउट तेवढे राहिले. २०११ ते २०१४ दरम्यान दोन्ही धरणं काढली. त्यानंतर उन्हाळ्यात नदीत चढणारे स्टीलहेड पुन्हा दिसू लागले. जनुकं तपासली तेव्हा कळलं की त्यांचा वंश भिंतीमागे अडकलेल्या त्याच ट्राउटांचा होता. समुद्राकडे जाण्याचा वारसा जवळजवळ शंभर वर्षं त्या वरच्या पाण्यात शाबूत राहिला होता.

तिथे वरचा तुकडा मोठा होता, जंगल चांगलं होतं. आपल्या पेंचच्या वरच्या भागालाही व्याघ्रप्रकल्पाचं संरक्षण आहे. म्हणून तिथले ओढे मला पहिल्यांदा तपासावेसे वाटतात.

कन्हानकाठ

ताई, तपासायचं म्हणजे नेमकं काय करावं लागेल, ते लिहाल का? पवनीवाले दादा आणि त्यांच्या सोसायटीतले लोक मदत करतील असं वाटतं.

तेलंखेडी

मासा मारावा लागत नाही, हे आधी सांगते. शेपटीच्या पराचा नखाएवढा तुकडा कापायचा, तो पुन्हा उगवतो. तुकडा ९५ टक्के इथेनॉलच्या छोट्या कुपीत ठेवायचा. दारू किंवा दवाखान्यातलं स्पिरिट नको, त्यात पाणी जास्त असतं आणि डीएनए खराब होतो. फॉर्मलिन तर अजिबात नको. दर कुपीवर पेन्सिलने नंबर, कारण शाई अल्कोहोलने पुसली जाते. वहीत जागा, तारीख, लांबी, वजन, आणि माशाचा बाजूने काढलेला फोटो.

एका जागेचे एका जातीचे ३० च्या आसपास मासे हवेत. ते एकाच खेपेचे, एकाच थव्यातले नकोत, नाहीतर सगळी भावंडंच हाती लागतात. जागा निवडताना भिंतीच्या वर आणि खाली अशी जोडी हवी, आणि तुलनेला एखादा न अडलेला ओढा. जात अशी निवडायची जिचं बीज कुणी सोडत नाही. रोहू घेतला तर नदीऐवजी हॅचरीच मोजली जाईल. माझ्या मते मल्ल्या सगळ्यात चांगला, आणि तलावांच्या साखळीसाठी मरळ. मग प्रयोगशाळेत डीएनए काढून दहा-पंधरा मायक्रोसॅटेलाइट खुणा (डीएनएतले माशामाशांत लांबी बदलणारे छोटे तुकडे) बघतात. त्यावरून वैविध्य किती, दोन जागांत अंतर किती, परिणामकारक संख्या किती, तिन्ही निघतं. पाणी गाळून त्यातल्या डीएनएवरून जाती ओळखण्याची पद्धतही आहे, पण ती मुख्यतः कोणती जात आहे ते सांगते, एका जातीतलं वैविध्य त्यातून अजून नीट मिळत नाही.

व्याघ्रप्रकल्पाच्या हद्दीत वनविभागाची लेखी परवानगी लागेल, तिथे एक परही कापता येणार नाही. म्हणून सुरुवात गोसीखुर्दच्या वर आणि खाली, आणि पवनीच्या तलावांपासून करू. मार्गदर्शक सरांशी मी बोलते. दादा, तुमच्याकडे मरळ कोणत्या तलावांत आहे आणि कुठे बाहेरचं बीज कधीच टाकलेलं नाही, एवढी यादी करून ठेवाल?

पवनीवाला

यादी तोंडपाठ आहे ताई. तरी सोसायटीच्या म्हाताऱ्यांना विचारून पक्की करतो, कोणत्या तलावात कोणत्या साली बीज टाकलं ते त्यांच्याच ध्यानात आहे. धानाची रोवणी झाली की या.